मी कोल्हा होते तो रविवार

बाबा पुण्याहून आमच्याकडे जपानला, इचिकावाला आले, त्याला तीन आठवडे झाले होते आणि घरात करण्यासारखं सगळं त्यांनी करून संपवलं होतं. बाल्कनीतल्या कुंड्या बदलल्या, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरचे स्क्रू आवळले. कचऱ्याचं वेळापत्रक तर इतकं पाठ केलं, की जळणारा कचरा कुठल्या वारी आणि बाटल्या कुठल्या वारी हे मी त्यांना विचारायला लागले. उरलेला वेळ ते खिडकीपाशी उभं राहून स्टेशनकडे जाणारी माणसं बघायचे. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर म्हणून काढलेला माणूस, आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी सातव्या मजल्यावर. इथे खाली बघितलं तर एक कुत्रा, तोही स्वेटर घातलेला.

"रविवारी माझ्याबरोबर क्लबला चला," मी म्हटलं. "घोडे आहेत."

"किती?"

"अकरा."

ते लगेच बूट पुसायला बसले. रविवार तीन दिवसांवर होता.

घोड्यांचं खूळ खरं तर मुलीचं. तिला रायडिंग शिकायचं होतं म्हणून आम्ही चिबा प्रांताच्या आतल्या भागातला हा लहानसा क्लब शोधला. तिने दोन महिन्यांत सोडलं. मी मात्र कुंपणाबाहेर बसून कंटाळले होते म्हणून एक दिवस घोड्यावर चढले, त्याला चार वर्षं झाली. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि पंधरा दिवसांतून एकदा घोड्याने माझ्या चुका शोधायच्या, असं चाललं होतं. नवऱ्याला घोड्याच्या केसांनी शिंका येतात, त्यामुळे तो या भानगडीत नाही.

त्या रविवारी क्लबची वार्षिक कोल्ह्याची शिकार होती. हे बाबांना गाडीत सांगितलं तेव्हा त्यांनी ओनिगिरीचा घास हातातच ठेवला. कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातून घेतलेला तो तिसरा भाताचा गोळा होता.

"कोल्हे मारता तुम्ही लोक?"

"नाही हो. कोल्हा म्हणजे आमच्यातलाच एक जण. त्याच्या डाव्या खांद्यावर कापडाची शेपटी लावतात. तो घोड्यावरून दहा मिनिटं आधी निघतो. मागून कुत्रे आणि बाकीचे घोडेस्वार. जो शेपटी ओढून काढेल तो जिंकला."

"कुत्र्यांना कसं कळतं कोणाच्या मागे जायचं?"

"बडीशेपेच्या तेलात बुडवलेला लोकरीचा मोजा दोरीला बांधून कोल्ह्याच्या मागे जमिनीवरून ओढत न्यायचा. कुत्रे त्या वासावर येतात."

बाबांनी विचार केला आणि घास खाल्ला. "बरोबर आहे. बडीशेपेचा वास कुत्र्यांना सोडवत नाही."

ही कल्पना आमच्या सेन्सेईंची, म्हणजे क्लबच्या मालकांची. ते बाबांच्याच वयाचे. तरुणपणी दोन हिवाळे ते इंग्लंडमधल्या एका तबेल्यात खरारा करायला होते. तिथे त्यांनी खरी शिकार पाहिली. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "पळणं फार आवडलं. शेवट आवडला नाही." परत आल्यावर त्यांनी शेवट काढून टाकला आणि पळणं ठेवलं. त्यांच्याकडचे पाच कुत्रे एका म्हाताऱ्या रानडुकराच्या शिकाऱ्याने बंदूक सोडताना त्यांना देऊन टाकले होते. तीन बीगल, दोन कुठल्या जातीचे ते शिकाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा तबेल्यासमोर आठ घोड्यांवर खोगिरं चढत होती. मी बाबांची ओळख करून दिली. सेन्सेई वाकले, बाबा वाकले, सेन्सेई परत वाकले. मग बाबा सरळ पहिल्या घोड्याकडे गेले, त्याच्या मानेवरून हात फिरवत खाली आणला आणि गुडघ्यामागे दाबलं. घोड्याने निमूटपणे पाय उचलून दिला. सेन्सेई माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे वडील घोडेस्वार आहेत?"

मी बाबांना विचारलं. चार दशकांत त्यांनी टांग्याचे घोडे तपासले, लग्नाच्या वरातीचे तपासले, पोलिसांचेही तपासले. कधी बसलेले मात्र मला आठवत नव्हते.

"छे," बाबा म्हणाले. "डॉक्टरने पेशंटच्या पाठीवर बसू नये."

मी ते जपानीत सांगितलं. सेन्सेईंनी गंभीरपणे मान हलवली, जणू हा नियम त्यांनीही ऐकलेला होता.

एरवी कोल्हा आदल्या वर्षीच ठरलेला असतो, पण या वेळचा ठरलेला कोल्हा बदली होऊन दुसऱ्या गावी गेला होता. अशा वेळी कोल्हा कोण हे ठरवायला कागदावर उभ्या रेघा आणि मध्ये आडव्या रेघा काढतात, शिडीसारख्या. प्रत्येकाने वरून एक रेघ निवडायची आणि बोट खाली आणत जायचं. माझं बोट खाली आलं ते थेट कोल्ह्याच्या चित्रावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लबमध्ये सर्वांत हळू मी आणि सर्वांत हळू माझी घोडी. ती वीस वर्षांची तांबडी घोडी, एकेकाळी शर्यतीत पळायची म्हणे. आता गवत दिसलं की थांबायची. आणि मागे लागणाऱ्यांमध्ये होती एक दातांची डॉक्टर, माझ्याच वयाची, क्लबमधली सर्वांत चांगली स्वार. गेली तीन वर्षं शेपटी तिच्यापासून हातभर अंतरावरून निसटली होती. ती माझ्याकडे बघून फार गोड हसली.

"पाच मिनिटांत पकडतील मला," मी बाबांना म्हटलं.

त्यांनी माझी रिकीब तपासली, खोगिराचा पोटाखालचा तंग एक भोक आवळला. "पडलीस तर डावीकडे पड. उजवा हात ऑफिसला लागतो."

सेन्सेईंनी माझ्या खांद्यावर वेल्क्रोने शेपटी चिकटवली. हातभर लांब, तपकिरी रंगाची मऊ कापडी पट्टी. मोज्यावर बाटलीतलं तेल ओतलं तसा सगळ्या अंगणात पानाच्या टपरीचा वास सुटला. खोलीत कोंडलेले कुत्रे दारावर ओरखडे काढायला लागले. मोबाइल पडून फुटू नये म्हणून लॉकरमध्ये ठेवायचा असतो, तो ठेवला आणि मी निघाले.

वाट सोपी होती. शेतांच्या कडेने जायचं, ओढा ओलांडायचा, सुगी नावाच्या, देवदारासारख्या उंच झाडांच्या रानातून फिरून परत यायचं. झाडांना लाल फिती बांधलेल्या होत्या. नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन होतं, भात कापून झालेलं होतं, आणि घोडीला काय झालं कोण जाणे, ती आपणहून दुडकी चालायला लागली. मोजा मागे उड्या मारत येत होता. ओढ्यात पाणी तिच्या घोट्याएवढंही नव्हतं. पलीकडे चढताना मागून सेन्सेईंचा भोंगा ऐकू आला. पूर्वी सायकलवरून तोफू विकणारे वाजवायचे तो पितळी भोंगा त्यांनी शिकारीसाठी ठेवलाय. म्हणजे दहा मिनिटं झाली. पाठोपाठ कुत्र्यांचा आवाज.

कुत्रे आपल्या नावाने भुंकत येतायत हे कळल्यावर अंगात काय होतं, ते मला त्याआधी माहीत नव्हतं. खेळ आहे, शेपटी वेल्क्रोची आहे, मागे दातांची डॉक्टर आहे, सगळं ठाऊक होतं. तरी मानेवरचे केस उभे राहिले. मी टाचा दाबल्या. घोडी चौखूर निघाली. वीस वर्षांच्या त्या बाईच्या आत शर्यतीचं काही शिल्लक होतं, आणि ते कुत्र्यांच्या आवाजाने जागं झालं. मी आयाळ धरली आणि काही काळ फक्त वर बसून राहिले.

रानात शिरल्यावर ती थोडी सावरली. मी फिती बघत निघाले. एक, दोन, तीन, मग चढ, मग उतार. आवाज जवळ येत होता, मग एकाएकी तो एकाच जागी थांबला. तिथे कल्ला चालू होता, पण पुढे सरकत नव्हता. मला वाटलं, माझी दिशाभूल करायला काहीतरी डाव आहे. म्हणून मी आणखी जोरात पळवली.

पुढे कळलं ते असं. मोजा एका तुटक्या खोडाला अडकून दोरीसकट मागे राहिला होता. कुत्र्यांना मोजा सापडला. त्यांच्या दृष्टीने शिकार तिथेच संपली, आता वाटणी उरली. पाच कुत्रे आणि एक मोजा. सातही घोडेस्वार भोवती उभे राहून, शिकार कुठे गेली म्हणून एकमेकांकडे बघत होते.

आणि मी, जिच्या मागे आता कोणीच नव्हतं, जीव घेऊन पळत होते.

कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं की फिती लाल नाहीत, गुलाबी आहेत. गुलाबी फिती जंगलखात्याची माणसं बांधतात, कुठली झाडं तोडायची त्याच्या खुणेसाठी. मी कोण जाणे किती वेळ तोडायच्या झाडांच्या मागे चालले होते. मी घोडीला थांबवलं. कुत्रे नाहीत, भोंगा नाही. उंच सरळ खोडं आणि वरून पडणारे उन्हाचे पट्टे. खिशात फोनही नव्हता.

खरं सांगायचं तर घाबरायला हवं होतं. पण मला हसू आलं. किती वर्षांत असं झालं नव्हतं, की मी कुठे आहे हे जगात कोणालाच माहीत नाही, मलासुद्धा. ऑफिसच्या मेसेजला दोन मिनिटांत उत्तर, मुलीचा डबा, पुण्याहून आईचा रोजचा व्हिडिओ कॉल, नवऱ्याची हरवलेली किल्ली, सगळ्यांना मी सापडते. आज सात माणसं आणि पाच कुत्रे शोधतायत आणि मी सापडत नाही. मी लगाम सैल सोडला. घोडीने दोन तोंडं गवत खाल्लं, फुरफुरली आणि स्वतःच ठरवून उताराला लागली. मी तिला अडवलं नाही.

उतार संपला तिथे भुईमुगाचं शेत होतं. उपटलेले वेल गोल ढिगाऱ्यांत रचून वाळत ठेवलेले, प्रत्येक ढिगावर गवताची टोपी. एक ऐंशीच्या घरातली बाई उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून शेंगा तोडत होती. घोड्यावर बसलेली, खांद्यावर शेपटी असलेली परदेशी बाई रानातून बाहेर येताना बघून तिने मान वर केली.

"मी कोल्हा आहे," मी जपानीत म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"असं का," ती म्हणाली. "चहा घेणार?"

उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं की घोडी पुढचा डावा पाय टेकवत नाहीये. सगळी मजा क्षणात उतरली. मी खूर उचलून बघायचा प्रयत्न केला, पण तिने पाय हिसकून घेतला. मी इतका वेळ आरामात वर बसले होते आणि ती लंगडत होती का? आजीबाईंनी खोगिराखालच्या कापडावर छापलेला क्लबचा नंबर वाचला आणि एप्रनच्या खिशातून फोन काढून लावला. मग थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला आणि पातेल्यातल्या उकडलेल्या शेंगा पुढे केल्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अजून गरम. मी घोडीच्या मानेवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने खात होते आणि रडू येतं का काय, असं वाटत होतं.

पंधरा मिनिटांत शेताच्या बांधावरून छोटा पांढरा ट्रक धडधडत आला. सेन्सेई चालवत होते, शेजारी बाबा. बाबा ट्रक पुरता थांबायच्या आत उतरले.

"कुठला पाय?"

"पुढचा डावा. बाबा, मला कळलंच नाही. मी किती वेळ..."

"ते नंतर. धर तिला."

त्यांनी खांदा घोडीच्या खांद्याला टेकवला, तिच्याशी मराठीत काहीतरी पुटपुटले आणि हात खाली नेला. माझ्या हातातून हिसकलेला पाय तिने त्यांच्या मांडीवर ठेवून दिला. नालेच्या आतल्या कडेला एक अणकुचीदार खडा रुतून बसला होता. सेन्सेईंनी न विचारता खिशातली खूर साफ करायची आकडी पुढे केली. बाबांनी ती न विचारता घेतली. एकदा, दोनदा, आणि खडा उडून मातीत पडला. मग बाबांनी अंगठ्याने तळ दाबत दाबत एक जागा शोधली. घोडीने कान मागे घेतले.

"एवढंच आहे. ठेच लागलीय. नुकतंच झालंय, उतारावरच असणार. आठवडाभरात नीट होईल." हे शेवटचं माझ्यासाठी होतं, कारण ते म्हणताना त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण डांबरी रस्त्यावरून अशी नको न्यायला. पोतं आहे का विचार."

आजीबाईंनी शेंगांचं रिकामं पोतं दिलं. बाबांनी त्याची घडी करून खुराखाली गुंडाळली. ट्रकमधला दोर काचेल म्हणून त्यांनी तो नाकारला. खूर मांडीवर तसाच धरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हात लांब केला आणि माझ्या खांद्यावरची पट्टी फर्रकन ओढून काढली. पोत्यावरून दोन वेढे, वर गाठ.

सेन्सेईंनी घड्याळ पाहिलं आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं.

आम्ही घोडीला चालवत परत नेलं. मी लगाम धरून, बाबा तिच्या डाव्या खांद्याशी, एक हात तिच्यावर. बाबांच्या दुसऱ्या हातात आजीबाईंनी दिलेली शेंगांची पिशवी होती. चालता चालता त्यांनी विचारलं, "हरवलीस तेव्हा घाबरली नाहीस?"

"नाही. बरं वाटलं."

"हं," ते म्हणाले. त्यांनी एक शेंग फोडली. "मलाही वाटायचं, लांबच्या खेड्यातली व्हिजिट संपवून एकटा परत येताना. तुझ्या आईला सांगितलं नाही कधी."

क्लबमध्ये सगळे वाट बघत होते. घोडी ठीक आहे हे कळल्यावर सेन्सेई म्हणाले, "आता निकालाचं बघू. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कोल्ह्याची शेपटी काढली गेली." आणि त्यांनी बाबांकडे हात केला.

एक जण म्हणाला, पण हे तर घोड्यावर नव्हते. दुसरा म्हणाला, यांनी भागच घेतला नव्हता. सेन्सेईंनी आत जाऊन नियमांचा प्लास्टिक लावलेला कागद आणला. तो सगळ्यांत आधी दातांच्या डॉक्टरने घेतला. तिने वरपासून खालपर्यंत वाचला, मग परत वाचला. तीन वर्षं थोडक्यात हुकलेली बाई. मला तिच्याकडे बघवेना.

"शेपटी हाताने काढणारी व्यक्ती विजेती, एवढंच लिहिलंय," ती म्हणाली. "घोड्यावर असली पाहिजे असं कुठेही नाही. यांना सापडली. आम्हाला मोजा सापडला."

मग ती बाबांसमोर येऊन वाकली. बाबांना काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं, तरी तेही वाकले.

बक्षीस पाच किलो नवा तांदूळ. त्याबरोबर आणखी एक नियम असतो, तो मी बाबांना सांगितला. जिंकणारा पुढच्या वर्षीचा कोल्हा होतो. "पण तुम्ही पुण्याला असाल, त्यामुळे तसं काही नाही, मी सांगते त्यांना."

बाबा तांदळाची पिशवी छातीशी धरून उभे होते. "नको सांगूस," ते म्हणाले. "येईन म्हणावं."

हे बोलणं मी सौजन्य म्हणून घेतलं. सेन्सेईंनी तसं घेतलं नाही. त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. "तुझे बाबा रोज सकाळी कुठे जातात माहितीये का? मला सांगतात, फिरायला. येतात ते घोड्याचा वास घेऊन. मी त्यांच्याशी एकोणपन्नास वर्षं संसार केलाय, मला काय तो वास कळत नाही?" पुण्यातल्या एका रायडिंग स्कूलमध्ये त्यांनी नाव घातलं होतं. शिकवणारा मुलगा त्यांना काका म्हणायचा आणि उतरताना स्टूल आणून द्यायचा. आईने आधी अबोला धरला, मग गुडघ्याला बांधायचे पट्टे आणून दिले.

नोव्हेंबरमध्ये ते आले. सेन्सेईंनी त्यांच्यासाठी सर्वांत म्हातारा, सर्वांत रुंद घोडा ठेवला होता. दातांच्या डॉक्टरने स्वतः मागून घेऊन त्याची दोरी धरली आणि शेजारी पायी चालायचं ठरवलं. त्यामुळे त्या वर्षीही शेपटी तिच्या हाती लागणार नव्हती, कारण कोल्ह्याला नेणाऱ्याने कोल्हा पकडायचा नसतो. मी तिला तसं म्हटलं. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

ती शिकार पूर्णपणे चालीने झाली. बाबा पुढे, ताठ बसलेले, हेल्मेट थोडं मोठं. दहाऐवजी बारा मिनिटांनी आम्ही सगळे मागून निघालो, आणि सेन्सेईंनी आधीच बजावलं होतं की कोणी दुडकीसुद्धा घ्यायची नाही. कुत्र्यांनी ओढ्यापर्यंत धीर धरला, मग दोघांनी पाण्यात खेळायला सुरुवात केली. शेतात काम करणारी माणसं हात हलवत होती. बाबाही हात हलवायचे, मग घाईने लगाम पकडायचे.

रानाच्या तोंडाशी मी त्यांना गाठलं. माझी घोडी त्यांच्या घोड्याशेजारी आली, आणि मी शेपटीला हात घातला नाही, तशीच बरोबर चालत राहिले.

"काय दिसतं वरून?" मी विचारलं.

"कान," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं पोट आणि खूर बघितले. कान किती हलवतात हे लोक, माझ्या लक्षातच नव्हतं आलं."

मागून कोणीतरी ओरडून विचारलं की शेपटी काढताय का नाही. बाबांनीच ती खांद्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. नियमात ते बसत होतं की नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना सोफ्यावरून उठता येईना. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी मला खुणेने सांगितलं, बाथरूममध्ये आहेत म्हण. मी तसं सांगितलं. आई म्हणाली, "मग सोफ्यावर कोणाचे पाय दिसतायत?"